श्रीमती बाबली तांडेल यांची व्ही. पी.

‘श्रीमती बाबली सखाराम तांडेल, घर नंबर एकशे सतरा, उंडीवाडी, तालुका मालवण.’

लवू धुरीने पार्सलावरचा पत्ता एकदा मनात वाचला, मग मोठ्याने वाचला, आणि मग तो असा हसत सुटला की खिडकीशी पोस्टकार्डे घ्यायला आलेली दोन माणसे मागे सरकली. हसता हसताच त्याने पार्सल टेबलावर ठेवले, डोक्यावरची खाकी टोपी काढून तोंड पुसले आणि पुन्हा एकदा पत्त्याकडे पाहिले. तेव्हा कुठे त्याचे हसणे थांबले. बाबली तांडेल जाऊन पाच महिने झाले होते.

घाटावरच्या वाचकांना इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. बाबली हे आमच्याकडे पुरुषाचे नाव आहे. आणि हा बाबली तर सहा फूट उंच, दोन्ही गालांवर मिशा वळवून ठेवलेला, मालवण बंदरात पडाव चालवणारा तांडेल होता. मुंबईची आगबोट लांब समुद्रात उभी राहायची, आणि तिच्यावरची माणसे, ट्रंका आणि टपालाच्या थैल्या बाबली आपल्या पडावातून धक्क्याला आणायचा. एकदा लाटेने पडाव हेलकावला तेव्हा त्याने आधी टपालाची थैली धरली आणि मग पाण्यात पडलेल्या एका जाड्या व्यापाऱ्याला वर ओढले. व्यापारी रागावला तर म्हणाला, तुमका पोवता येता, कागदांका येणा नाय. लवूला हे इतके आवडले होते की अठरा वर्षे तो ते सगळ्यांना सांगत आला. थैली समुद्रातून आणायची बाबलीने आणि वाडीवाडीतून पोचवायची लवूने, अशी दोघांची वाटणी होती आणि त्यावरच त्यांची दोस्ती.

मतदारयादी लिहायला जो कारकून आला होता तो देशावरचा. नाव ऐकल्याबरोबर त्याने बाबलीच्या पुढच्या रकान्यात ‘स्त्री’ लिहिले आणि तो पुढच्या घराला गेला. सत्तावन्न सालच्या निवडणुकीत शाळेतल्या केंद्रावर ही गोष्ट उघडकीला आली. साहेब म्हणाला, यादीप्रमाणे तुम्ही बाई आहात. बाबलीने मुकाट्याने खांद्यावरचा पंचा डोक्यावरून पदरासारखा घेतला आणि जाऊन बायकांच्या रांगेत, स्वतःच्या बायकोच्या मागे उभा राहिला. उभे केंद्र हसले. साहेबही हसला आणि त्याने मत देऊ दिले. त्यानंतर सहा महिने गाव त्याला ‘बाबलीबाय’ म्हणत होते, आणि तोही सगळ्यांबरोबर हसत होता. कार्तिकात दोन दिवसांच्या तापाने तो गेला.

आणि आता चैत्राच्या तोंडावर त्याच्या नावाने व्ही. पी. आली होती. सत्तावीस रुपये आठ आणे भरा आणि पार्सल सोडवून न्या. पाठवणारी उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरातली एक ट्रेडिंग कंपनी, आणि आत काय आहे त्या जागी लिहिले होते ‘हातघड्याळ’.

श्रीपाद मास्तर हे शाळेचे मास्तर आणि पोस्टाचेही मास्तर. शाळा सुटली की त्यांच्याच पडवीत पोस्ट भरायचे. त्यांची एक गंमत होती. पोस्टाच्या खुर्चीत बसले की ते छापील मराठी बोलत, आणि खुर्चीतून उठले की मालवणी. मधल्या वेळात, म्हणजे उठता उठता, ते गप्प असत. आता ते खुर्चीत होते.

‘‘मालक मयत असल्यास तसा शेरा मारून परत पाठवावे,’’ ते म्हणाले, ‘‘मात्र वारसाने मागणी केल्यास सात दिवसांच्या आत सोडवून घेता येते. लवू, आधी घरी कळव.’’

लवूने सूचनेची चिठ्ठी लिहून घेतली, थैली खांद्याला लावली आणि तो निघाला. त्याची फेरी ठरलेली. आधी तांडेलवाडी, मग नदीकाठच्या शेतांमधली वस्ती, जिला शेरा म्हणतात, मग पलीकडची भटवाडी. अठरा वर्षांत पावसाने अडवले तेवढे सोडले तर त्याची वेळ कधी चुकली नव्हती. लवूची छत्री बांधावर दिसली की भटवाडीतल्या बायका भात चढवत. घड्याळ गावात तीन घरांत होते आणि तीनही वेगवेगळी वेळ दाखवत, त्यामुळे लवूवर जास्त भरवसा होता.

बाबलीची बायको काशीबाई अंगणात फणसाखालचा पाचोळा काढत होती. हा फणस बाबलीने लग्नाच्या वर्षी लावलेला. आता एका माणसाच्या कवेत मावत नव्हता आणि बुंध्यापासून वरपर्यंत कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, लगडल्या होत्या. लवूने तिला सांगितले की बाबलीच्या नावाने पोस्टात व्ही. पी. आली आहे, घड्याळाची. एवढेच सांगितले. पत्ता वाचून दाखवला नाही. तिच्यापुढे ती जुनी थट्टा काढायला त्याची जीभ उचलली नाही.

काशीबाई झाडू टाकून तिथेच खाली बसली. लवूला वाटले ती रडेल. पण तिच्या तोंडावर पाच महिन्यांनी पहिल्यांदा उजेड दिसला, आणि लवूला त्याचे कारणही कळले. बाबलीच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. खाडीच्या काठावर पिंड ठेवून सगळे ओलेत्याने उभे राहिले होते. मुलगी रेडी गावात दिली आहे, तिला अंतर देणार नाही, असे सांगून झाले. पडाव परक्याला विकणार नाही. फणसाला हात लावणार नाही. काशीला एकटी टाकणार नाही, हे लवूने स्वतः हात जोडून सांगितले. माडावर पंधरा कावळे बसले होते, एकही खाली उतरला नाही. ऊन डोक्यावर आले तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. तेव्हापासून काशीबाईच्या मनात एकच किडा होता. काय राहिले असेल माणसाचे?

‘‘भावजी, ती व्ही. पी. मी सोडवतंय,’’ ती म्हणाली. ‘‘ती सोडवली म्हणजे तेंकाच सोडवल्यासारखा होतला. कावळो कित्याक शिवलो नाय ता आता कळला.’’

पैसे कुठून आणणार, हे लवूने विचारायच्या आतच तिने वर बघितले. मालवणचा वखारवाला दोनदा येऊन फणस मागून गेला होता. फणसाचे लाकूड पिवळेधमक, त्याला गिऱ्हाईक भरपूर. लवू म्हणाला, अगो, पण फणसाला हात लावणार नाही असे आपण दहाव्याला बोललो ना. त्यावर तिने फार सरळ उत्तर दिले. बोललो, पण कावळा कुठे उतरला? म्हणजे त्यांचा जीव फणसात नव्हताच. घड्याळात होता. वखारवाल्याला तिने रविवारी यायचा निरोप धाडला.

लवू तिथून निघाला तेव्हा खरे सांगायचे तर तोही आनंदात होता. बंदरावरच्या आगबोटीच्या कप्तानाच्या मनगटावर बाबलीने घड्याळ पाहिले असणार, मनात धरले असणार, कुणाकडून तरी पत्र लिहून घेतले असणार. माणसाचे काय सांगावे? शेऱ्यातला अर्धा बांध तो असाच चालून गेला, आणि मग एकदम थांबला.

घर नंबर एकशे सतरा.

उंडीवाडीत घराला नंबर असतो हे कुणाला ठाऊक होते? लवूच्या हातून अठरा वर्षांत हजारो पत्रे गेली होती. ‘उंडीच्या झाडाकडून तिसरा घर’, ‘वीज पडलेल्या माडाजवळ’, ‘आवशीक मिळांदे’ एवढाच पत्ता असलेलीसुद्धा त्याने बरोबर आईला पोचवली होती. नंबर घातलेले टपाल त्याने आयुष्यात दोन-चारदाच पाहिले होते, आणि तेही सगळे गेल्या दीड महिन्यात. त्यातले एक त्याला आता आठवले. पंधरा दिवसांपूर्वी, शेऱ्यातल्याच गंगाराम गावकराच्या नावाने अशीच व्ही. पी. आली होती. गंगाराम जाऊन दोन वर्षे झाली होती. आणि त्याच्या सुनेच्या, नर्मदेच्या हातात ते पार्सल पैसे घेऊन लवूनेच ठेवले होते.

नर्मदेच्या अंगणात पाय ठेवताच लवूला काहीतरी वेगळे वाटले. त्या घरात गंगारामाचे मुलगे सत्यवान आणि बाळा चार वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. वाटणीवरून. घराच्या मधोमध भिंतीसारखा झावळ्यांचा कूड घातलेला, दोन चुली, दोन वाटा. बाळाची कोंबडी सत्यवानाच्या बाजूला गेली तर ती लवूच्या हस्ते परत जायची, कारण टपाल दोन्हीकडे द्यायला तोच काय तो दोन्हीकडे जाई. आज पाहतो तर कूड गायब, आणि दोघे भाऊ एका ओटीवर बसून एकच जाळे विणतायत. नर्मदेने लवूला न विचारता खोबऱ्याची कापे आणि गूळ आणून ठेवला.

लवूने हळूच विचारले, त्या पार्सलात काय निघाले?

नर्मदा त्याला आत देवांपुढे घेऊन गेली. कुळाच्या देवांशेजारी, पाटावर, हळदकुंकू लावलेले, जास्वंदीचे फूल वाहिलेले एक लालभडक मंगळुरी कौल ठेवले होते. घरावर घालतात ते. अख्खे.

‘‘मामंजींनी कौल धाडल्यानी, लवूभाऊ,’’ ती डोळे पुसत म्हणाली. ‘‘देवळात वाटणीचो कौल लावूया म्हणान हे दोघव तेंच्या पाठी लागलले, तेवा ते नको म्हणाले. आता वरसून धाडल्यानी. एकच कौल. म्हणजे एकाच कौलाखाली रवा.’’

लवू त्या कौलाकडे पाहत राहिला. आमच्या भाषेने इथे घोटाळा करून ठेवला आहे. देवाच्या अंगावर पाकळ्या लावून हो की नाही विचारतात तो कौल, आणि छपरावर असते ते कौल. गंगाराम गावकर जन्मभर देवळात तो कौल घेत आला, आणि मेल्यावर कुणा लफंग्याने त्याच्या नावाने ते कौल पाठवले. घरात पहिला एक दिवस सगळे तोंडे बघत बसले होते म्हणे. दुसऱ्या दिवशी नर्मदेला उलगडा झाला. तिसऱ्या दिवशी कूड निघाला.

आता हिला काय सांगायचे? की बाई, तुम्हाला कुणीतरी लुबाडले? लवूने कौलाला हात जोडले. खोटे नाही, मनापासून जोडले. मग पार्सलावरचा कागद आहे का म्हणून विचारले. तो मिठाच्या मडक्याखाली घातला होता. ओला झाला होता, पण पत्ता वाचता येत होता. घर नंबर चौऱ्याण्णव. तेच अक्षर, तीच कंपनी.

श्रीपाद मास्तरांनी निवडणुकीचे काम केले होते, म्हणून मतदारयादीची एक प्रत त्यांच्या कपाटात होती. दोघांनी बोट लावून पाहिले. चौऱ्याण्णव, गावकर गंगाराम, पुरुष. एकशे सतरा, तांडेल बाबली सखाराम, स्त्री. यादीत जे होते तेच पार्सलावर होते. मास्तर स्वतः यादीत तिसरे. आणि तेव्हा त्यांना आठवले की महिन्यापूर्वी एक घड्याळाची व्ही. पी. त्यांच्याही नावाने आली होती आणि ‘मागविलेली नाही, नाकारली’ असा शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने मारला होता. भटवाडीतल्या एकानेही अशीच परत केली होती.

‘‘जिवंत माणूस नकार देतो,’’ मास्तर चष्मा काढत म्हणाले. ‘‘मेलेला नकार कसा देणार?’’

त्यांना राग आला होता. गालफडे लाल झाली होती. श्रीपाद मास्तरांच्या मते पोस्ट म्हणजे देवळाइतकीच सोवळी जागा, आणि कुणीतरी तिथे चिखलाच्या पायांनी शिरले होते. त्यांनी तिथल्या तिथे सुपरिंटेंडेंट साहेबांना तीन पानी तक्रार लिहिली, मिठाचा कागद सोबत जोडला. पण उत्तर यायला पंधरा दिवस लागणार होते, आणि वखारवाला रविवारी येणार होता. पार्सल फोडून दाखवले असते तर काम एका मिनिटाचे होते. लवूच्या मनात ते आले, हेही सांगायला हवे. त्याने पार्सल हातात घेतले, अंगठ्याने सुतळीची गाठ चाचपली आणि परत ठेवले. दुसऱ्याचे टपाल फोडायचे नाही. अठरा वर्षे तो हे पाळत आला होता, आणि ते फोडणारा आणि हे पाठवणारा यांच्यात मग फरक काय राहिला?

मास्तर खुर्चीतून उठले.

‘‘लवू, नियम माजे आसत,’’ ते म्हणाले, ‘‘पण हंय तोंड तुजा होया. काशीवयनीक तूच सांग.’’

बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार, शनिवारही गेला. लवू रोज तांडेलवाडीवरून जाई आणि रोज काशीबाई अंगणातून हात हलवी. एवढी हसतमुख ती बाबली असतानाही दिसत नव्हती. तिने बाबलीच्या तसबिरीपुढे घड्याळ ठेवायला एक लहानसा पाट धुऊन ठेवला होता. लवूला वाटे, झाड गेले तर गेले, बाईचा जीव तर शांत झाला. पुन्हा वाटे, तिच्या नवऱ्याच्या नावाने कौलाचा तुकडा आला म्हणजे? नर्मदेकडे भांडण होते म्हणून कौल कामाला आले. हिच्याकडे काय आहे? उघडेल आणि बघत राहील. या विचाराने त्याला जेवण जाईना, आणि लवूला जेवण जात नाही हे त्याच्या घरात आजवर कुणी पाहिले नव्हते.

रविवारी पोस्ट बंद. लवू खाकी कोट न घालता, साध्या सदऱ्यात तांडेलवाडीत पोचला तेव्हा वखारवाला दोन करवतवाल्यांना घेऊन बांधावर विडी ओढत बसला होता. काशीबाईने फणसाच्या मुळाशी पान, सुपारी, नारळ ठेवला होता आणि ती झाडाला काहीतरी समजावून सांगत होती. लवू जवळ गेला. त्याने खिशातून सूचनेची चिठ्ठी काढली.

‘‘वयनी, पार्सलावरचो पत्तो मी तुका वाचून दाखवक नाय. आता आयक,’’ तो म्हणाला, आणि पोस्टात वाचतात तसे सरळ वाचले. ‘‘श्रीमती बाबली सखाराम तांडेल.’’

काशीबाईने मान वळवली. तिने त्याला तो पहिला शब्द पुन्हा वाचायला लावला. लवूने पुन्हा वाचला. ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग तसबिरीतल्या मिशा तिच्या डोळ्यांपुढे आल्या असाव्यात, मग बायकांच्या रांगेत पंचा डोक्यावर घेऊन आपल्या मागे उभा असलेला तो बाप्या आला असावा. आधी तिचे खांदे हलले. मग तिने तोंडाला पदर लावला. आणि मग ती इतकी हसली की फणसाला टेकून बसावे लागले. लवूही हसायला लागला. बांधावरचे करवतवाले काही न कळता हसू लागले. वखारवाल्याची विडी विझली.

‘‘भावजी, ह्या तेंनी लिवलला न्हय,’’ दम घेत ती म्हणाली. ‘‘जीव गेलो तरी ते असा लिवचे नाय.’’

मग लवूने सगळे सांगितले. मतदारयादी, मास्तरांची व्ही. पी., मेलेल्यांच्या घरी हक्काने मिळणारे पैसे. नर्मदेकडच्या कौलाचे तेवढे त्याने सांगितले नाही. काशीबाई ऐकत होती, पण तिचे लक्ष भलतीकडेच गेले होते. हसू हळूहळू उतरले.

‘‘तुमच्याबरोबर हसत ते, पण तेंका ता लागलला,’’ ती म्हणाली. ‘‘जेवताना म्हणत, काशी, मी सरकारच्या कागदार बायलमाणूस म्हणानच मरतलंय. आणि झाला तसाच.’’

लवू खाली बघू लागला. बाबलीने हे त्यालाही सांगितले होते. धक्क्यावर, थैली हातात देता देता. लवू, तेवढा नाव सुधारून घी रे. लवू म्हणाला होता, अर्ज लिहून देतो, मालवणला कचेरीत टाकतो. भाताची कापणी आली, नवरात्र आले, राहून गेले. आणि दहाव्याला खाडीवर उभे राहून मुलगी, पडाव, फणस, सगळे बोलून झाले, पण हे एक त्याच्या तोंडातून निघाले नाही. आठवले नव्हते असे नाही. लाज वाटली होती. सगळ्या गावापुढे मेलेल्या मित्राची थट्टा पुन्हा कशी काढायची? पंधरा कावळे माडावर बसून याचीच वाट बघत होते की काय कोण जाणे. हे त्याने काशीबाईला जसेच्या तसे सांगितले आणि तोंड पुसायला खिशात फडके शोधू लागला. काशीबाईने पदराचे टोक पुढे केले.

मग ती उठली, वखारवाल्याला आणि करवतवाल्यांना चहा दिला, फणसापुढचा नारळ फोडून त्यांच्या हातावर खोबरे ठेवले आणि झाड द्यायचे नाही म्हणून सांगितले.

पोस्टाचे इन्स्पेक्टर साहेब आले ते पंधरा दिवसांनी नाही, नवव्या दिवशीच. वेंगुर्ल्याचे होते. अशाच तक्रारी आणखी सहा गावांतून आल्या होत्या, पण यादीपर्यंत उंडीवाडीशिवाय कुणी पोचले नव्हते. वरून तारेने हुकूम मिळाल्यामुळे पार्सल रोखून ठेवले होते. ते पंचांसमोर, मास्तरांच्या टेबलावर, काशीबाईच्या देखत उघडले. वर्तमानपत्राची चार पाने निघाली आणि आत मंगळुरी कौलाचा तुकडा.

काशीबाई पुढे वाकून बघत होती. ‘‘नर्मदाच्या मामंजींका अख्खा,’’ ती म्हणाली, ‘‘आणि आमच्या हेंका अर्धाच?’’

म्हणजे तिला सगळे ठाऊक होते. गावात काय लपते? लवूने कपाळाला हात लावला. पंचनाम्यात हसण्याची नोंद करता येत नाही म्हणून साहेबांनी ती केली नाही.

दुसरा पुरावा घ्यायला साहेब नर्मदेकडे गेले तेव्हा सत्यवान आणि बाळा दारात खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पैसे नकोत, कंपनीला फाशी द्या, पण कौल हलणार नाही. साहेबांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर उभे होते, खुर्ची जवळपास नव्हती, त्यामुळे त्यांनी मालवणीत जे सांगितले ते साहेबांना पटकन कळले. साहेबांनी बूट काढले, आत जाऊन कौलाला नमस्कार केला, टेपने लांबीरुंदी मोजली आणि वहीत लिहिले, ‘पुरावा क्रमांक एक देवघरात असल्याने जागेवरच पाहण्यात आला.’

साहेब परत निघाले तेव्हा लवू त्यांच्यामागून बांधापर्यंत गेला. त्याला काहीतरी बोलायचे होते आणि साहेबांशी शुद्ध बोलायला हवे होते, त्यामुळे वेळ लागला.

‘‘साहेब, एक विनंती आहे,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘तेवढं ते श्रीमती काढा.’’

साहेबांनी सगळी हकिगत उभ्या उभ्या ऐकून घेतली. ते म्हणाले, मतदारयादी हे मामलतदारांचे काम, त्यात पोस्टाचा हात चालत नाही, आणि मेलेल्या माणसाचे नाव आता सुधारत नाहीत, वगळतात. लवूने मान हलवली. साहेब चार पावले गेले आणि थांबले. पोस्टाने कुणाला पत्र लिहायचे झाले तर पाकिटावर काय घालायचे ते मात्र पोस्टच ठरवते, असे ते म्हणाले, आणि त्यांनी बाबलीचे पूर्ण नाव वहीत उतरून घेतले.

मे महिना सरत आला. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या होत्या, शेवटच्या दोन-तीन खेपा राहिल्या होत्या. त्यातल्याच एका खेपेच्या थैलीतून एक लांबट, खाकी, सरकारी शिक्क्याचे रजिस्टर पाकीट आले. मास्तरांनी ते खुर्चीतून उठून लवूच्या हातात ठेवले.

त्या दिवशी लवूने कोटाची सगळी बटणे लावली. काशीबाईच्या अंगणात फणसाचा वास भरून राहिला होता. पहिला पिकलेला फणस तिने सकाळीच फोडला होता आणि ती हाताला खोबरेल लावून गरे काढत होती. लवूने ओटीवर बसून तिचा अंगठा पोचपावतीवर घेतला आणि पाकीट वाचले. आधी वरचे.

‘‘कैलासवासी श्री. बाबली सखाराम तांडेल यांचे वारस, उंडीवाडी.’’

आतल्या पत्रात बरेच होते. बनावट पार्सले पाठवणारे दोघे पकडले गेले होते. व्ही. पी. रद्द केली होती. कै. श्री. तांडेल यांच्या कुटुंबाने केलेल्या मदतीबद्दल खाते आभारी होते. काशीबाईने ते सगळे ऐकून घेतले.

‘‘वरचा परत वाच,’’ ती म्हणाली.

लवूने वाचले. ती म्हणाली, आणखी एकदा. लवूने आणखी एकदा वाचले, या खेपेला जरा मोठ्याने, धक्क्यावर पडावाला हाक मारावी तसे. मग काशीबाई उठली. केळीच्या पानाच्या तुकड्यावर तिने चार गरे घेतले, ते कुंपणाच्या दगडी गडग्यावरच्या सपाट दगडावर नेऊन ठेवले आणि ती मागे सरून उभी राहिली. काही बोलली नाही. बोलायचे ते लवूने वाचले होते.

माडावरून एक कावळा उतरला. गडग्यावर बसला, मान वाकडी करून दोघांकडे पाहिले, दगडावर उडी मारली आणि एक गरा उचलून घेऊन गेला. मग दुसरा उतरला.

लवू थैली खांद्याला लावून, मिटलेली छत्री हातात धरून तसाच उभा राहिला. हलले तर ते उडतील अशी त्याला भीती वाटत होती. चारही गरे संपेपर्यंत तो हलला नाही.

त्या दिवशी भटवाडीत भात जरा उशिरानेच चढले.